सर्व, कांहीं आणि एकहि नाहीं

मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या महामार्गावर, कणकवलीच्या थोडें अलीकडे, नांदगांवचा तिठा लागतो. तेथून एक वाट देवगडच्या किनाऱ्याकडे उतरते व दुसरी फोंड्याच्या घाटानें निपाणीकडे चढते. गेल्या वैशाखांत ह्या गांवीं एका आप्तांच्या घरीं चार दिवस राहण्याचा योग आम्हांस आला. आंब्याचा हंगाम सरत आला होता, माजघराशेजारच्या खोलींत गवतावर आढी घातलेली होती, आणि घरांत माणसांचीहि वाण नव्हती. तरी पहिल्याच दिवशीं आमच्या ध्यानांत आलें कीं, ह्या घरांत कोणी मोकळेपणानें बोलत नाहीं. कारण विचारण्याची गरज पडली नाहीं. दुपारच्या पंक्तीस घरचे वडील अप्पा यांनींच तें सांगून टाकलें. त्यांचा नातू सरकारी नोकरीच्या एका स्पर्धा-परीक्षेस बसला होता. निवड झालेल्या शेवटच्या उमेदवाराहून त्यास दोन गुण कमी पडले. "हुशार असतात ते परीक्षा उत्तीर्ण होतात," अप्पा भात कालवतां कालवतां म्हणाले, "हा झाला नाहीं. आतां काय समजायचें तें ज्यानें त्यानें समजावें." नातवानें पानावरून मान वर केली नाहीं. वाढणाऱ्या सूनबाईंचा हात क्षणभर थांबला.

सायंकाळीं तो मुलगा प्रश्नपत्रिका घेऊन आमच्याजवळ पडवींत येऊन बसला. "काका, पुन्हां बसावें कीं पुस्तकें बांधून ठेवावीं, तें मागाहून ठरवूं," तो म्हणाला, "पण हा एक प्रश्न चुकला कसा, एवढें मला समजावून द्या. दोनच गुणांचा प्रश्न आहे." प्रश्न असा होता. पहिलें विधान : सर्व कलमें झाडें आहेत. दुसरें विधान : कांहीं झाडें उंच आहेत. त्यांवरून काढलेला पहिला निष्कर्ष : कांहीं कलमें उंच आहेत. दुसरा निष्कर्ष : एकहि कलम उंच नाहीं. ह्यांपैकीं केवळ पहिला निघतो, केवळ दुसरा निघतो, पहिला किंवा दुसरा निघतो, दोन्ही निघतात, कीं एकहि निघत नाहीं, असे पांच पर्याय होते. मुलानें 'केवळ पहिला' ह्यावर खूण केली होती; छापील उत्तर 'पहिला किंवा दुसरा' असें होतें. "आमच्या मागल्या बागेंतलें कलम कौलांच्या वर गेलेलें आहे," तो म्हणाला, "मग कांहीं कलमें उंच आहेत, ह्यांत चुकलें काय?"

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं असे परीक्षार्थी असतील, म्हणून ही गोष्ट थोडी विस्तारानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. ह्या प्रकारच्या अनुमानास तर्कशास्त्राच्या मराठी पुस्तकांत संवाक्य असें नांव आहे. दोन विधानें दिलेलीं असतात; दोहोंत एक पद समाईक असतें, त्यास मध्यपद म्हणतात; आणि त्या मध्यपदाच्या आधारानें उरलेल्या दोन पदांचें नातें जुळतें कीं नाहीं, तें पहावयाचें असतें. केंद्रीय लोकसेवा आयोगानें २०११ सालीं व महाराष्ट्राच्या आयोगानें २०१३ सालीं आपआपल्या पूर्वपरीक्षेंत कलचाचणीची प्रश्नपत्रिका घातली, तेव्हांपासून तर्काचे प्रश्न घरोघर पोंचले. बँकांच्या परीक्षांत तर त्यांचें माहात्म्य अधिकच आहे. अधिकारी निवडण्याच्या सामाईक पूर्वपरीक्षेंत तर्कशक्तीच्या ३५ प्रश्नांस २० मिनिटें मिळतात. म्हणजे एका प्रश्नास सुमारें ३४ सेकंद. इतक्या घाईंत मुलें गुरुकिल्ल्या पाठ करतात, आणि किल्ली कोणत्या कुलुपाची हें न पाहतां ती फिरवूं लागतात.

पहिली गोष्ट ही कीं, येथें आपणांस जें ठाऊक आहे तें क्षणभर बाजूस ठेवावें लागतें. 'कांहीं कलमें उंच आहेत' हें विधान खरें आहे. तें आमच्या डोळ्यांसमोर मागल्या बागेंत उभें होतें. परंतु परीक्षक 'हें खरें आहे काय?' असें विचारीतच नाहीं. 'हें ह्या दोन विधानांवरून निघतें काय?' एवढेंच तो विचारतो. ज्यानें जन्मांत कलम पाहिलेलें नाहीं, झाड म्हणजे काय तेंहि ज्यास ठाऊक नाहीं, त्यासहि हीं दोन वाक्यें वाचून जें मान्य करणें भाग पडेल, तेवढाच निष्कर्ष. म्हणूनच अशा प्रश्नपत्रिकांत 'सर्व टेबलें घोडे आहेत' अशीं विपरीत विधानें घालतात. 'ॲलिस'ची अद्भुत कथा लिहिणारा लुईस कॅरोल हा ऑक्सफर्डचा गणिती होता; त्यानें १८९६ सालीं तर्कशास्त्रावर काढलेल्या पुस्तकांतील उदाहरणेंहि अशींच विक्षिप्त आहेत. वाचणाऱ्यास हंसूं येतें, पण त्याच्या पूर्वज्ञानाचा त्याला कांहीं उपयोग होत नाहीं, व फसवणूकहि होत नाहीं.

दुसरी गोष्ट विधानांच्या जातींची. ग्रीक तत्त्वज्ञ अॅरिस्टॉटल यानें ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत ह्या विषयाची जी मांडणी केली, तिच्यांत विधानांच्या चारच जाती येतात : सर्व अमुक तमुक आहेत, एकहि अमुक तमुक नाहीं, कांहीं अमुक तमुक आहेत, कांहीं अमुक तमुक नाहींत. ह्या चारांच्या जुळण्या व मध्यपदाच्या जागा मोजल्या तर संवाक्याचे २५६ प्रकार होतात, आणि जुन्या मतानें त्यांपैकीं अवघे २४ शुद्ध ठरतात. हे चोवीस पाठ करण्याचें मात्र कारण नाहीं. ऑयलर ह्या गणित्यानें एका जर्मन राजकन्येस लिहिलेलीं पत्रें १७६८ पासून प्रसिद्ध झालीं, त्यांत त्यानें वर्तुळें काढून हा विषय समजाविला. पुढें केंब्रिजच्या जॉन व्हेन यानें १८८० सालीं त्या पद्धतींत सुधारणा केली. 'सर्व' असेल तर एक वर्तुळ दुसऱ्याच्या पोटांत काढावें. 'एकहि नाहीं' असेल तर दोन वर्तुळें एकमेकांपासून दूर काढावीं. 'कांहीं आहेत' असेल तर दोहोंच्या समाईक भागांत एक टिंब द्यावें. 'कांहीं नाहींत' असेल तर तें टिंब पहिल्याच्या आंत पण दुसऱ्याच्या बाहेर द्यावें. मग स्वतःस एकच प्रश्न विचारावा : दोन्ही विधानें खरीं राहून निष्कर्ष खोटा पडेल, असें एक तरी चित्र मला काढतां येतें काय? आलें, तर निष्कर्ष निघत नाहीं. शोधूनहि येत नसेल, तरच तो निघतो.

आम्हीं मुलाच्या वहींत झाडांचें मोठें वर्तुळ काढलें व त्याच्या पोटांत कलमांचें लहान वर्तुळ काढलें. आतां उंच वस्तूंचें वर्तुळ असें काढलें कीं, तें झाडांच्या वर्तुळास छेदील, पण कलमांच्या वर्तुळास शिवणार नाहीं. दोन्ही विधानें खरीं राहिलीं, पण 'कांहीं कलमें उंच आहेत' हें कोसळलें. "मग दुसरा निष्कर्ष घ्यावा?" मुलानें विचारलें. आम्हीं त्यासच पेन्सिल दिली. त्यानें उंच वस्तूंचें वर्तुळ सरकवून कलमांच्या वर्तुळावर आणलें. विधानें अजून खरींच होतीं, आणि आतां 'एकहि कलम उंच नाहीं' हें कोसळलें. दोहोंपैकीं कोणताच निष्कर्ष एकटा सिद्ध होत नाहीं. परंतु एकादें तरी कलम उंच असणें आणि एकहि नसणें, ह्यांवांचून तिसरी गत नाहीं; म्हणून दोहोंपैकीं एक खरा असलाच पाहिजे. 'पहिला किंवा दुसरा' ह्या उत्तराचा अर्थ इतकाच. हल्लीं ह्यालाच जोडून 'सर्व कलमें उंच असण्याची शक्यता आहे' असाहि निष्कर्ष विचारतात. तेथें कसोटी उलट होते : तसें एक चित्र काढतां आलें कीं शक्यता सिद्ध झाली, आणि येथें तें काढतां येतें.

निघणाऱ्या निष्कर्षाचें उदाहरण म्हणून आम्हीं त्यास मालवणचें दिलें. सर्व जलदुर्ग किल्ले आहेत; एकहि किल्ला देऊळ नाहीं; म्हणून एकहि जलदुर्ग देऊळ नाहीं. मुलगा म्हणाला, "पण सिंधुदुर्गांत शिवराजेश्वराचें देऊळ आहे ना!" आहे खरें, किल्ल्याच्या आंत देऊळ असणें निराळें, आणि किल्लाच देऊळ असणें निराळें. जलदुर्गांचें वर्तुळ किल्ल्यांच्या पोटांत, आणि देवळांचें वर्तुळ किल्ल्यांपासून दूर. मग देवळांनीं जलदुर्गास शिवावें कसें? कितीहि चित्रें काढा, निष्कर्ष मोडत नाहीं. शब्दांचा नीट अर्थ न लावतां वर्तुळें काढलीं, तर मात्र चित्र शुद्ध असून उत्तर चुकतें.

न निघणाऱ्या निष्कर्षाचें उदाहरण देण्यास दूर जावें लागत नाहीं. तिठ्यापासून देवगडच्या रस्त्यानें हंगामांत आंब्याच्या पेट्याच पेट्या जातात. मुंबईचें गिऱ्हाईक मनांत म्हणतें : देवगडचा हापूस पेटींतून येतो, हा आंबा पेटींतून आला आहे, तेव्हां हा देवगडचा. वर्तुळें काढून पहावीं. देवगडच्या आंब्यांचें वर्तुळ पेटींतील आंब्यांच्या पोटांत आहे. समोरचा आंबा पेटींतील आंब्यांच्या वर्तुळांत आहे, पण त्याच्या कोणत्या भागांत, हें कोणीं सांगितलें? मध्यपद येथें 'पेटींतून आलेले' हें आहे, आणि पेटींतून आलेल्या सर्वांविषयीं कोणीच कांहीं बोललेलें नाहीं. मध्यपदाविषयीं निदान एकदां तरी सरसकट विधान असल्यावांचून तें दोन टोकांस बांधूं शकत नाहीं. ह्या विषयांतील सर्वांत मोठा दोष हाच. कोंकणच्या हापूसास २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तरी पेटीवरील अक्षरांची ही फसवणूक थांबली नाहीं. म्हणून देवगडच्या बागाईतदारांच्या सहकारी संस्थेनें २०२५ च्या हंगामांत फळावरच क्रमांकाचा स्टिकर लावण्याचा उपक्रम सुरू केला. तर्काच्या भाषेंत बोलावयाचें तर, 'देवगडचे सर्व आंबे पेटींत' ह्या विधानाच्या ऐवजीं 'हा स्टिकर असलेले सर्व आंबे देवगडचे' असें विधान त्यांना निर्माण करावयाचें होतें. पहिल्यावरून कांहीं निघत नाहीं. दुसरें खरें ठरलें तर सर्व कांहीं निघतें.

घाईच्या वेळीं उपयोगीं पडणारे चार नियम आम्हीं मुलास लिहून दिले. दोन्ही विधानें 'कांहीं'चीं असलीं तर त्यांच्या जोडणींतून निष्कर्ष निघत नाहीं. दोन्ही नकारार्थी असलीं तरीहि निघत नाहीं. एक नकारार्थी असेल तर निष्कर्ष नकारार्थीच असला पाहिजे. एक विधान 'कांहीं'चें असेल तर निष्कर्षांत 'सर्व' किंवा 'एकहि नाहीं' येऊं शकत नाहीं. ह्या चाळणींतून जें उरेल त्यासच वर्तुळें लावावीं, म्हणजे वेळ पुरतो.

पण मुलें नियमांत जितकीं चुकतात, त्याहून अधिक आपल्या मायबोलींत चुकतात, असा आमचा अनुभव आहे. गृहिणी म्हणते, "कांहीं लाडू मुलांनीं खाल्ले." ऐकणारा समजतो कीं, कांहीं उरले आहेत. तर्कशास्त्रांतील 'कांहीं' असें कांहीं सुचवीत नाहीं; डबा रिकामा असला तरी तें वाक्य खरेंच. 'सर्व आंबे पिकले नाहींत' ह्या वाक्याचे तर मराठींत दोन अर्थ होतात : एकहि पिकला नाहीं, किंवा कांहीं पिकावयाचे आहेत. म्हणून चांगला परीक्षक 'एकहि' हा शब्द घालतो, आणि जेथें तो नसेल तेथें विद्यार्थ्यानें सावध व्हावें. त्याहून लहान पण त्याहून घातकी अक्षर म्हणजे 'च'. 'पदवीधरच अर्ज करूं शकतात' ह्याचा अर्थ अर्ज करण्यास पात्र असलेले सर्व पदवीधर असतात, असा आहे; सर्व पदवीधर अर्ज करूं शकतात, असा नव्हे. कित्येक तरुण पुढील वयोमर्यादेची अट न वाचतां शुल्क भरून बसतात, तें ह्या एका 'च'चें विधान उलटें वाचल्यामुळें.

आणखी एक सूक्ष्म भेद आहे. 'सर्व आंबे फळें आहेत' ह्यावरून 'कांहीं फळें आंबे आहेत' असें ह्या परीक्षांत निःशंक काढतात, व तेथें तसेंच काढावें. अर्वाचीन तर्कशास्त्रज्ञ मात्र अडून बसतात. 'गैरहजर राहणाऱ्या सर्वांस दंड होईल' अशी सूचना शाळेंत लागली, म्हणून कोणी गैरहजर आहेच, असें होत नाहीं. वर्ग भरलेला असला तरी सूचना खरीच राहते. 'सर्व' ह्या शब्दांत वस्तु अस्तित्वांत असल्याची हमी नसते, असें धरलें तर त्या २४ शुद्ध प्रकारांतले १५ च टिकतात. परीक्षेंत कोणता पक्ष धरला आहे हें ठाऊक असणें, हाहि अभ्यासाचाच भाग आहे.

हें सर्व चाललें असतां अप्पा झोंपाळ्यावर बसून ऐकत होते. त्यांनीं तरुणपणीं एका शास्त्रीबोवांजवळ 'तर्कसंग्रह' वाचला होता, हें आम्हांस ठाऊक होतें. सतराव्या शतकांतील अन्नंभट्टाचा हा छोटा ग्रंथ आरंभीच्या विद्यार्थ्यांसाठींच रचलेला आहे. यशवंत वासुदेव आठल्ये यांनीं संपादिलेली व महादेव राजाराम बोडस यांच्या भाषांतरासह निघालेली त्याची आवृत्ति १८९७ सालीं मुंबईस प्रसिद्ध झाली, आणि कित्येक पिढ्यांनीं त्याच पुस्तकावर अनुमानाचे धडे गिरविले. आम्हीं म्हटलें, "अप्पा, पर्वतावरचा अग्नि एकदां नातवास दाखवा ना." अप्पांची मुद्रा पालटली. त्यांनीं पांच अवयव बोटांवर मोजून सांगितले. पर्वतावर अग्नि आहे, ही प्रतिज्ञा. कारण तेथें धूर आहे, हा हेतु. जेथें जेथें धूर तेथें तेथें अग्नि, जसें स्वयंपाकघर, हें उदाहरण. तसाच धूर ह्या पर्वतावर आहे, हा उपनय. म्हणून पर्वतावर अग्नि आहे, हें निगमन.

"ग्रीकांचीं तीन वाक्यें, आमचीं पांच," अप्पा अभिमानानें म्हणाले. आम्हांस वाटतें, खरा भेद संख्येचा नाहीं. परीक्षेंतील संवाक्यांत दिलेलीं विधानें खरीं कीं खोटीं, हें पहावयाचेंच नसतें. नैयायिकाचें तसें नाहीं; त्याला अग्नि खरोखर आहे कीं नाहीं तें हवें आहे. म्हणून 'जेथें जेथें धूर' असें म्हटल्याबरोबर तो 'दाखव कोठें' असें विचारतो, आणि बोलणाऱ्यास स्वयंपाकघर दाखवावें लागतें. ह्या अव्यभिचारी साहचर्यास तो व्याप्ति म्हणतो, आणि ती तपासल्याशिवाय पुढें सरकत नाहीं.

"आणि उलट, जेथें अग्नि तेथें धूर असें म्हटलें तर?" आम्हीं विचारलें.

"छे!" अप्पा झोंपाळा थांबवून म्हणाले. "तापलेला लोखंडाचा गोळा घ्या. अग्नि आहे, धूर कोठें आहे? धुराला ओलें सर्पण लागतें. तो उपाधि. उपाधि राहिली तर हेतु फुकट."

"मग, अप्पा," आम्हीं म्हटलें, "जेथें हुशारी तेथें निवड, ह्या व्याप्तींत उपाधि आहे कीं नाहीं?"

अप्पा गप्प झाले. नातवानें वही मिटली. आम्हांस वाटलें, आपण पाहुणे असून मर्यादा ओलांडली. पण बोलण्यास आरंभ झालाच होता. दुपारचें त्यांचें वाक्य आम्हीं मांडून दाखविलें. सर्व हुशार उत्तीर्ण होतात. हा उत्तीर्ण नाहीं. म्हणून हा हुशार नाहीं. रचनेच्या दृष्टीनें ह्यांत दोष नाहीं, हें प्रथम कबूल केलें पाहिजे. वर्तुळें काढलीं तर निष्कर्ष अगदीं बिनचूक निघतो. शेजारीपाजारी बोलतात त्याची रचना मात्र निराळी असते : उत्तीर्ण झालेले सर्व हुशार, हा उत्तीर्ण नाहीं, म्हणून हा हुशार नाहीं. हें पेटींतल्या आंब्यासारखेंच. उत्तीर्णांचें वर्तुळ हुशारांच्या पोटांत असलें, तरी त्याच्या बाहेर हुशारांस जागा उरतेच. अप्पा तर्क शिकलेले, त्यांच्याकडून अशी चूक होत नाहीं. त्यांचा निष्कर्ष निघतो; पण ज्या पहिल्या विधानावरून तो निघतो, तेंच तपासून पहावयास हवें होतें.

अप्पांनीं ज्या काळीं शाळा केली, त्या काळच्या परीक्षेंत ठराविक गुण मिळविणारा प्रत्येकजण उत्तीर्ण होई. एकाच्या यशानें दुसऱ्याची जागा जात नसे. आजहि शालान्त परीक्षा तशीच आहे. कोंकण विभागीय मंडळाचा दहावीचा निकाल २०२४ सालीं ९९.०१ टक्के व २०२५ सालीं ९८.८२ टक्के लागला. इतके सर्वजण एकाच वेळीं उत्तीर्ण होऊं शकतात, कारण तेथें जागा मोजलेल्या नाहींत. स्पर्धा-परीक्षेंत जागा आधीं ठरतात व शेवटच्या निवडीचे गुण मागाहून ठरतात. शंभर जागांसाठीं हजार हुशार उमेदवार बसले, तर नऊशें हुशारांस परत यावेंच लागेल. हें सांगण्यास तर्कशास्त्र नको, वजाबाकी पुरे. म्हणजे 'उत्तीर्ण' हा शब्द एक, पण त्याचे अर्थ दोन. पहिल्या अर्थानें बांधलेली समजूत आपण दुसऱ्या अर्थास लावतों. ओल्या सर्पणाच्या जागीं येथें रिक्त पदांची संख्या आहे. हुशारीचा अग्नि धगधगत असूनहि तिच्यावांचून निवडीचा धूर निघत नाहीं.

सूनबाई दाराच्या उंबऱ्याशीं येऊन उभ्या राहिल्या होत्या. आम्हीं हें लिहितों तें एका अप्पांसाठीं नव्हे. परीक्षार्थी ज्या ज्या घरांत आहे, त्या त्या घरांत असें एकादें वाक्य पंक्तीस, पाहुण्यांदेखत, सहज बोललें जातें. बोलणाऱ्याच्या मनांत माया असते, निदान काळजी असते. पण वाक्याची रचना इतकी शुद्ध असते कीं, ऐकणाऱ्या मुलास त्यांत दोष काढतां येत नाहीं. आपलें पहिलें विधानच खोटें आहे, असें वडिलांस कोणी सांगावें? मग तो निष्कर्ष मुकाट्यानें खरा मानतो, आणि पुस्तकें बांधून ठेवतो. संवाक्याच्या प्रश्नाचा अभ्यास मुलांस गुणांसाठीं करावा लागतो. घरच्या मोठ्यांनीं तो बोलण्यापूर्वीं आपलें पहिलें विधान तपासण्याच्या संवयीसाठीं करावा, असें आमचें नम्र मत आहे. प्रश्नपत्रिकेंतील विधानें तपासूं नयेत; घरांतील विधानें तपासल्याशिवाय बोलूं नयेत.

बऱ्याच वेळानें अप्पांनीं हात पुढें केला व नातवाकडून वही मागून घेतली. चष्मा लावून त्यांनीं तीं वर्तुळें दोन वेळां पाहिलीं. मग म्हणाले, "तर मग तुमचें म्हणणें, हा हुशार आहे, असें सिद्ध झालें?"

"नाहीं," आम्ही म्हणालों, "तेंहि निघत नाहीं."

"आणि नाहीं, असेंहि निघत नाहीं?"

"तेंहि नाहीं."

"पहिला किंवा दुसरा," मुलगा हळूच म्हणाला. आज दुपारपासून तो आपण होऊन आजोबांदेखत पहिल्यानेंच बोलला होता.

"मग निघतें तरी काय?" अप्पांनीं विचारलें.

"दोन गुण कमी पडले, आजोबा," तो म्हणाला, "तेवढेंच."

अप्पांनीं मान हलविली. वही त्यास परत देतांना त्यांनीं पुढची परीक्षा केव्हां आहे, तें विचारलें.